कडुलिंबाखालची दुपार

नगर,
फेब्रुवारी १९७३

प्रिय सोपानदादा,

रविवारी तू मला शेवगावला न्यायला येणार, असं वहिनीनं कळवलंय. मला इथं अजून राहायचंय.

दुपारी आम्ही सहाजणी दवाखान्याच्या कडुलिंबाखाली गोल बसतो. डॉक्टरबाईही सतरंजीवरच असतात. मनाच्या आजारावर इथं औषध म्हणजे बोलणंच. मी बी.ए. झालेली, वाटलं होतं की मीच सगळ्यांना धीर देईन. पण सावल्या हलत असतात, कुणाचा तरी आवाज लांबून यावा तसा येतो आणि माझ्याच मनातलं सांगू लागतो. कुणी जायला निघालं की कायमचं गेल्यासारखं या बायकांनाही वाटतं.

काल मी बोलताना जामखेडच्या मालनबाईंनी जांभई दिली. मी ताडकन उठले. "तुम्हाला माझा कंटाळा आलाय. मी मेले तरी चालेल."

घरी अशा वेळी तू घाबरून माझ्या पाया पडतोस. मालनबाई मात्र म्हणाल्या, "अगं, रातभर डोळ्याला डोळा न्हाई माझ्या. रागव की, पन हितं बसून रागव."

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि बसले. राग ढगासारखा अंगावरून सरकत गेला. तो गेल्यावर पाहिलं, तर मी होते, त्याही होत्या.

पत्रात मी नेहमी तुला धमक्याच दिल्या, म्हणून हे पत्र पेटीत टाकणार नाही. रविवारी तू आलास की तोंडानंच सांगेन. तू चिडून एकटाच परत निघालास, तरी तुला एसटीपर्यंत सोडायला येईन.

तुझी,
भामा