बिघडलेलं घड्याळ

कोसाड, सुरत

चि. गायत्री,

तुझं अलार्मचं घड्याळ बिघडलं असं मी फोनवर सांगितलं, ते खोटं होतं. ते माझ्या उशाशी आहे. वरच्या खाचेत तुझा गाण्यांचा प्लेअर बसवला की रोज सहाला आई बोलते. हॉस्टेलला जायच्या आधी तू पांघरुणातूनच तिचा आवाज भरून घेतला होतास ना, तोच. "ऊठ व गायत्री, चहा थंडा व्हई ऱ्हायना!"

आई जाऊन वर्ष झालं. शेवटी तिचं सगळं मी केलं, आणि घरात तिचा आवाज उरला तो तुझ्या नावाचा. मला उठवायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही. नीट ऐकलंस तर तिच्यामागे गाळणी आपटल्याचा आवाज येतो. ती मी आहे. थंड होत होता तो चहा मी केलेला होता.

हल्ली जाग आली तरी मी डोळे मिटून पडून राहते. आई दुसऱ्यांदा "गायत्री" म्हणाली की हळूच म्हणते, "उठस व माय."

घड्याळ तुला मिळणार नाही. हे पत्रही नाही.

तुझ्याआधी उठणारी,
सुषमाताई