मुक्ताचा गहू बंद

१२ फेब्रु. २००१
मिरजेहून आत्ताच आलो. मुक्ताचा रिपोर्ट मिळाला. तिच्या आतड्याला गहू चालत नाही. कणभरसुद्धा नाही. चपाती, रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किट, सगळं बंद, तेही जन्मभर. आतडं सुधारेपर्यंत दूधही नको. मी विचारलं, औषध? डॉ. म्हणाले, जेवण हेच औषध. सहा वर्षांची पोर, वजन तेरा किलो. दोन वर्षं कुणी जंत सांगत होतं, कुणी नजर.
स्टँडवर तिनं क्रीमरोल मागितला. हे दुसरीकडं बघायला लागले. नाही म्हणायचं काम माझ्याकडं आलं.

१३ फेब्रु.
हे म्हणाले, "आईला तूच सांग." मी दिवसभर ऑफिसात, स्वयंपाक सासूबाईंच्या, आत्यांच्या हातात, सांगणं भागच होतं. चपात्या लाटत होत्या. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "आमी कण्या खाऊन वाढलो. चपाती बघायची ती दुसऱ्याच्या दारात. आता नातीच्या ताटात आलीया, तर नगं म्हंतासा?"
त्यांचं लाटणं थांबलं नाही.

२५ फेब्रु., रवि.
मुक्ताचा तवा, परात, चाळणी वेगळी केली. गिरणीत आधीचं गव्हाचं पीठ राहतं, म्हणून सकाळी उघडल्या उघडल्या पहिलं दळण आपलं. त्यातही शेरभर तांदूळ दळून टाकून द्यायचे, मग आपले. गिरणीवाला म्हणाला, वैनी, एवढं सोवळं कुणाचं? हसले नुसती.
दुधाऐवजी: शेंगदाणे भिजवून वाटायचे, फडक्यातून गाळायचे, एक उकळी, गूळ. मुक्ता एक पेला पिऊन दुसरा मागते.

११ मार्च, रवि.
बिस्किटं. तांदूळ, नाचणी, गूळ, डालडा. गल्लीतल्या बेकरीवाल्यानं भट्टी तापल्यावर मैद्याच्या आधी आपला पत्रा आत सारला. भला माणूस. पहिल्या खेपेला नुसता भुगा. दुसऱ्या वेळी थोड्या तांदळाची उकड काढून मळली, अर्धं केळं कुस्करून घातलं. धरली! मुक्तानं शाळेत वाटली. एक पोरगी म्हणाली, वाळूसारखी लागतात. उरलेली हिनं परत आणली आणि एकटीनं खाल्ली.
वजन चौदा. आत्यांनी तिला काट्यावरून उतरवून घेतलं, कडेवर तसंच घरभर फिरवलं.

१८ मार्च
ऊन वाढलं. नाचणीचं आंबील सुरू केलं. पीठ आदल्या दिवशी आंबवून, सकाळी शिजवून, जिरं, मीठ, हिंग. ऑफिसला जायच्या आधी मीच करून ठेवते. तेवढं तरी माझ्या हातचं जावं तिच्या पोटात.

२ एप्रिल
जुलाब परत सुरू. पोट फुगलंय, सकाळपासून पाच वेळा. काय चुकलं? सगळे डबे पुसून काढले. आत्यांच्या हाताकडं लक्ष जातं. जाऊ नये. जातं.

१७ एप्रिल
वजन परत तेरा. मुक्ताला मोरीत नेऊन विचारलं, आजीनं काही दिलं का? नाही म्हणाली. परत विचारलं. परत. हात जरा जोरात धरला होता बहुतेक. शेवटी मान हलवली. काय दिलं? चपाती. कधी? ते सांगेना.
ह्यांना बोलले नाही अजून.

७ मे
बुद्ध पौर्णिमा. सकाळी वंदना झाली. आत्यांनी खपली गव्हाची खीर केली, मुक्ताला तांदळाची. वेगळं पातेलं, वेगळा डाव. मी दारात उभी राहून बघत होते. त्यांना कळत होतं की मी का उभी आहे.

९ मे
मुक्ता कालपासून पडून. आज बोलून टाकलं. "चोरून घालताय तुम्ही तिला. पोरीनंच सांगितलंय."
मुक्ता तिथंच अंथरुणात. आत्या तिच्याकडं बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "म्या दिलं न्हाय. पर तुज्या मनातनं ते आता निघायचं न्हाय."
पिशवी भरली. मुरगूडला भावाकडं गेल्या. हे पोचवून आले ते जेवलेच नाहीत.

२१ मे
आत्यांना जाऊन बारा दिवस. मी रजेवर. घरात गव्हाचा दाणा नाही, सगळं माझ्या हातचं. तरी मुक्ताला आज सहा वेळा. म्हणजे आत्यांनी...
पोट दुखतं म्हणून आंबिलात हिंग वाढवला. नुसतं तेच घेते.

२२ मे
मिरजेला गेलो. डॉ. नी या खेपेला मसाल्याचे डबेसुद्धा मागवले होते. पिशवीभर नेले. ते एकेक वाचत गेले. हिंगाच्या डबीवर थांबले, माझ्याकडं फिरवली. बारीक अक्षरात, मैदा. म्हणाले, हिंग नुसता क्वचितच मिळतो, बहुतेक पिठात कालवूनच विकतात.
रोज एक चिमूट. पोट बिघडलं की दोन. मार्चपासून. मीच.
घरी आल्यावर मुक्ताला विचारलं, आजीनं चपाती दिली नव्हती ना? म्हणाली, "तू सारखी विचारत होतीस की."

३ जून, रवि.
हिंग बंद केल्याला बारा दिवस. पोट उतरलंय, भूक लागते. मुक्ताला घेऊन मुरगूडला गेले. आत्या सोप्यात कुळीथ निवडत होत्या. डबीचं सगळं सांगितलं, चुकले म्हटलं. त्यांनी मान वर केली नाही.
"माजं ऱ्हाऊ दे. तुज्या भ्यानं पोरगी खोटं बोलाय शिकली, ते बघ."
परत निघताना मुक्ता म्हणाली, मी हितंच राहतो आजीजवळ. आत्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "ठेवतीस?"
ठेवते म्हटलं. पिठाचा डबा, तिचा तवा, सगळं बरोबर आणलं होतं, ते दिलं. काही समजावून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

१० जून, रवि.
उद्या शाळा. हे सकाळीच मुरगूडला गेलेत मुक्ताला आणायला. मधे एकदा ह्यांनी तिथल्या शेजाऱ्यांकडं फोन लावला होता. बरी आहे, खातेय, एवढंच कळलं. आत्या येणार का, मी विचारायला सांगितलं नाही. हे विचारतील की नाही, माहीत नाही.
बिस्किटं भाजून आणली. शेंगदाणे भिजलेत.
भात तिघांचा लावायचा की चौघांचा, बराच वेळ ठरेना. चौघांचा लावलाय.