साडेबारा इंच रुंद

४ ऑक्टोबर
निर्णय झाला. टायर बदलायचे. गाडी फोर-बाय-फोर पिकअप, आणि खाली टायर बघावेत तर सायकलीचे. शी. तीन वर्षं हे घालून मी गावभर हिंडलो. लोक पाठीमागे काय बोलले असतील!

हौस म्हणून नाही, कर्तव्य म्हणून. नाना, म्हणजे माझे सासरे, यांनी तीस वर्षं डोंगरावरच्या खाणीतून ट्रकने दगड खाली आणले. वीस तारखेला त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. त्याआधी एकदा वरची पाण्याची टाकी बघायची आहे. तिथे थांबून ते रेडिएटरमध्ये पाणी भरायचे. बस, एवढीच इच्छा. रस्ता आता मोडलाय, चिखलच चिखल. काल जेवताना साडू म्हणाले, मी नेतो. कशातून? दूध वाटायच्या त्या खटाऱ्यातून! मी घास खाली ठेवला आणि जाहीर केलं की नानांना मी नेणार, सतरा तारखेला. सगळ्यांसमोर शब्द दिला. हिने वाढायचा डाव तसाच हातात धरला होता.

६ ऑक्टोबर
अभ्यास पूर्ण. अकरा व्हिडिओ बघितले. निष्कर्ष: रुंदी म्हणजे पकड. पस्तीस इंच उंच, साडेबारा इंच रुंद.

नानांना सांगितलं. म्हणाले, रुंद टायर वाळूला बरा, चिखलाला बारीक, तो चिरत खालच्या कडक जमिनीपर्यंत जातो. बिचारे. त्यांच्या काळी रुंद टायर मिळतच नसणार, म्हणून बारीकचं कौतुक. मी मान डोलावली. वडीलधाऱ्यांचा मान ठेवावा. ऐकलंच पाहिजे असं थोडंच आहे?

८ ऑक्टोबर
टायरवाल्याकडे गेलो. कळकट दुकान, कळकट माणूस, आणि ज्ञान पाजळायची खोड. म्हणाला, एवढा मोठा घेऊ नका साहेब, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आत घासेल, एक चाक लावून वळवून बघू या. आपल्याच दुकानातला मोठा माल घेऊ नका म्हणणारा दुकानदार मी पहिल्यांदा बघितला. संशयास्पद. वळवून बघायला मला वेळ नाही, असं सुनावलं. चाकाच्या नव्या डिस्कसकट चार बसवून घेतले.

येताना प्रत्येक काचेच्या दुकानासमोर गाडी हळू केली. काय रूप आहे!

९ ऑक्टोबर
उजवीकडे पूर्ण वळवलं की घर्रर्र असा आवाज येतो. डावीकडे येत नाही. म्हणजे टायर निम्मे बरोबर आहेत.

उपाय सापडला. उजवीकडे वळायचंच नाही.

१० ऑक्टोबर
ऑफिसला फक्त डाव्या वळणांनी गेलो. वीस मिनिटांच्या रस्त्याला एक तास दहा मिनिटं. शहराचे न पाहिलेले भाग पाहिले. सगळे घाणेरडे आहेत. साहेबांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. कोत्या मनाचा माणूस.

इमारतीच्या पार्किंगच्या तुळईला आता गाडीचा टप लागतो. गाडी बाहेर झाडाखाली लावतो. झाडावरच्या पक्ष्यांना पोटाचा विकार आहे. रोज सकाळी बादलीभर पाणी आणि किळस.

११ ऑक्टोबर
जुने टायर गॅलरीत ठेवले होते. हिची कुरकुर, कपडे कुठे वाळत घालू? इतक्यात साडू दूध द्यायला आले. टायर उलटेसुलटे करून बघितले. म्हणाले, टाकणार असाल तर मी नेऊ का, आमच्या गाडीला बसतील. दिले. डिस्कसकट. वर म्हणालो, न्या न्या, तुमच्या कामाला पुरतील. हिने माझ्याकडे असं बघितलं की मी पेपर उघडला.

१४ ऑक्टोबर
ही म्हणते, एकदा चिखलात चालवून तर बघा. मैदानात बघितली आहे. कोरड्या मैदानात झकास चालली, सरळ आणि डावीकडे.

नाना म्हणाले, चिखलात शिरताना टायरमधली हवा कमी करा. मी उलट भरून आणली. पैलवानाला आखाड्यात उतरवताना कोणी उपाशी ठेवतं का?

१६ ऑक्टोबर
संकल्प: १) नानांना वर नेणे. २) टाकीजवळ त्यांचा फोटो. ३) फोटो साडूंना पाठवणे.

१७ ऑक्टोबर, सकाळी ७
निघालो. नाना इस्त्रीचा सदरा घालून पाऊण तास आधीच तयार. मांडीवर रिकामी बाटली धरून बसलेत. कशाला, विचारलं नाही.

१७ ऑक्टोबर, सकाळी ९:४०
गाडीतच बसून लिहितोय. डोंगराचं पहिलंच वळण उजवीकडे आहे. हे मला आधी कोणी सांगितलं नाही.

पूर्ण वळेना. घर्रर्र झालं आणि गाडी सरळ चिखलात गेली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला. चारही चाकं चिखलावरून साबणासारखी घसरली आणि आम्ही आडवे चरात. आता दार उघडलं की चिखल आत येतो. वास असा की सांगवत नाही. नानांनी बाटली सदऱ्याच्या टोकाने पुसली. बोलले असते तर बरं झालं असतं.

१७ ऑक्टोबर, सकाळी ११
खटारा आला. अडकल्याचं मी फक्त हिला कळवलं होतं, हिनेच साडूंना फोन केला असणार. शांतपणे चिखल कापत आला, माझ्या शेजारी थांबला. चारही चाकं ओळखीची.

साडूंनी नानांना पाठुंगळी घेऊन आपल्या गाडीत बसवलं. नाना वाकून टायरकडे बघत राहिले. म्हणाले, "हे बरोबर आहेत. कोणी निवडले?"

साडू म्हणाले, "ह्यांचेच आहेत नाना. ह्यांनीच दिले."

उपकार करायची ही काय पद्धत! नाना मला म्हणाले, "जावईबापू, चला तुम्हीही." मी म्हणालो, गाडीपाशी कोणीतरी थांबायला हवं. ते पुढचं उजवं वळण घेऊन दिसेनासे झाले.

दुपारी २
अजून इथेच. गाडी चोरायची तर चोराला आधी ती बाहेर काढावी लागेल. थांबायची गरज नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. मला जायचं होतं. नानांचा चेहरा बघायचा होता.

रात्री ९
चार वाजता दोघं खाली उतरले. नानांच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, हसू आवरत नव्हतं. साडूंनी दोर लावून मला बाहेर ओढलं. वर माझी पुढची काचही पुसून दिली. असला चांगुलपणा मला सहन होत नाही.

नानांनी बाटली माझ्या हातात दिली. टाकीचं पाणी, काठोकाठ. म्हणाले, "इंजिन तापलं असेल. रेडिएटरला घाला."

घातलं नाही. बाटली समोर टेबलावर आहे.

१८ ऑक्टोबर
साडूंना फोन केला. सहज विचारलं, ते जुने टायर परत मिळतील का. म्हणाले, देतो की, तुमचेच आहेत. पण गुडघा बरा झाला की नानांना परत वर जायचंय, तोवर राहू देत. पुढे दोघांचीच जागा आहे, मागे दुधाच्या कॅनांच्या मध्ये बसायला चालेल का तुम्हाला?

चालेल म्हणालो.