नुसता शाम्पू

११ मार्च

चि. ठमे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. बातमी वाचली आणि हातातला कंगवाच गळून पडला, खुर्चीतल्या बाई अर्ध्या केसांनी बसून राहिल्या. जावईबापूंना म्हणावं, आता तरी स्वयंपाक शिका.

पार्लर ठीक चाललंय. तुझी खुर्ची तशीच आहे. तू लिहितेस, 'पुढच्या महिन्यात तिकडे परत राहायला येतोय, तेव्हा कामाला येईन. स्टुलावर मात्र चढणार नाही, मागच्या वेळी माझ्याच धसमुसळेपणानं बाळ गेलं.' हे मी चारदा वाचलं.

कामाला येऊ नकोस. रागावू नकोस, आधी ऐक.

केस सरळ करायचं औषध मोठ्या कॅनमधून मी साध्या बाटल्यांत ओतून ठेवायचे ना, त्या कॅनबरोबर एक कागद यायचा. तापवल्यावर वाफ निघते, खिडक्या उघड्या ठेवा, गरोदर बाईनं लांब राहावं. मी तो वाचला होता, ठमे. वाचून ड्रॉवरमध्ये टाकला. गर्दीचे दिवस होते आणि स्ट्रेटनरवर तुझ्यासारखा हात कुणाचा नव्हता. एसीसाठी खिडक्याही मीच लावून घ्यायचे. तुझे डोळे चुरचुरायचे, तर तुला 'नाजूक राणी' म्हणायचे.

आणि पहिल्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी तुला विचारलं, "कामावर कसली केमिकल्स हाताळता का?" तू तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "छे, नुसता शाम्पू." तू नुसतं माझ्याकडे बघितलंस.

परवा त्यांच्याकडे जाऊन खरं सांगून आले. म्हणाल्या, "त्यानंच झालं असं सांगता येत नाही. त्यानं नाही झालं असंही सांगता येत नाही." स्टुलाचं विचारलं, तर म्हणाल्या, "त्या पडल्या होत्या का? नाही ना? मग स्टुलाचं कशाला काढता?"

तू दीड वर्ष स्वतःला बोल लावत राहिलीस. मी उलट सगळ्यांसमोर 'कशाला चढलीस' म्हणून तुला झापलं. मला ते सोयीचं होतं.

केस सरळ करायचं काम आता बंद केलंय, पण पडद्यांना वास अजून आहे. कागद सोबत पाठवतेय, डॉक्टरांना दाखव. यावेळी त्यांच्यासमोर तूच बोल.

माझ्याशी बोलणं टाकलंस तरी समजून घेईन, असं लिहिणार होते. खोटं आहे ते, मला फार लागेल. तरी टाकायचं असेल तर टाक.

वरचे आशीर्वाद सवयीनं लिहिले गेले. चालत असतील तरच घे.

तुझ्याऐवजी उत्तर दिलेली,
ताई