निरोगी रांगेतली माझी नळी

चि. टिल्लू हिला मामाचे भरघोस आशीर्वाद.

(तुझा प्रबंध पुरा झाला की मायन्यात ‘डॉक्टर’ घालीन. तोवर जुन्याच नावावर भागव.) तुझी तब्येत कशी आहे? वेळेवर जेवतेस ना? त्या गोठवणाऱ्या कपाटात दिवसभर डोकं घालून तुला सर्दी होते, असं ताई म्हणत होती. तुझ्या मामीची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. माझं म्हणशील तर मी निरोगी आहे. हे मी म्हणत नाही, तुमच्याच प्रयोगशाळेने माझ्या नळीवर हिरवी पट्टी चिकटवून म्हटलं आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. छत्तीस वर्षं कचेरीत लिहिण्यात गेली, हाताची सवय मोडू नये एवढंच. दुसरं काही कारण नाही.

गेल्या सोमवारी तुझ्या हृदयरोगाच्या अभ्यासासाठी रक्त द्यायला आम्ही आलो, तेव्हा तू बैठकीत अडकली होतीस, त्यामुळे तू भेटण्याआधी काय काय घडलं ते तुला ठाऊक नाही. तर लिफ्ट बंद होती आणि जायचं होतं चौथ्या मजल्यावर. मामी म्हणाली, सुरू होईपर्यंत बसू. निरोगी माणूस बसत नाही, असं तिला सुनावून मी जिना धरला. आता तुमच्या इमारतीची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिथे प्रत्येक मजल्यावर सूचनाफलक आहे आणि तो कुणीही वाचत नाही. मी वाचले. पहिल्या मजल्यावर आग लागल्यास काय करावं ते आहे (धावू नये, हे मला फार पटलं). दुसऱ्यावर कुणाची तरी काळी छत्री सापडल्याची सूचना आहे, मूठ तुटकी, ओळख पटवून घेऊन जावी. तिसऱ्यावर बॅडमिंटनच्या स्पर्धेचा निकाल आहे, तोही गेल्या वर्षीचा. तो मी दोनदा वाचला. उपविजेत्याबद्दल मला वाईट वाटलं. मामी मात्र सरळ वर निघून गेली आणि कठड्यावरून वाकून माझ्याकडे बघत राहिली. वाचनाची गोडी तिला पहिल्यापासूनच नाही.

वर फॉर्म भरायचा होता. जिना चढताना दम लागतो का, छातीत दडपण येतं का, पायांना सूज येते का, अशा अठरा चौकटी. मामी शेजारीच बसलेली. मी अठराच्या अठरा चौकटींत एका झटक्यात ‘नाही’वर खूण करून मोकळा झालो. जन्मभर फॉर्म तपासलेल्या माणसाला प्रश्न वाचत बसावे लागत नाहीत. (अठरावा प्रश्न ‘वरील माहिती खरी आहे का?’ असा निघाला. टेक्निशियन बाईंनी तेवढी एक खूण बदलायला लावली.) मग त्यांनी जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं आणि त्या नाव लिहायला वळल्या. तेवढ्यात आपलीही काही मदत व्हावी म्हणून मी ती नळी उचलून खोकल्याच्या औषधासारखी खसाखसा हलवली. बाई डोळे मिटून उभ्या राहिल्या. ती म्हणे हलकेच उलटसुलट करायची असते. घुसळली की तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्या पोटातला माल बाहेर येतो आणि तुमची सगळी मोजणी बिघडते. मग दुसऱ्या दंडातून पुन्हा रक्त दिलं. निरोगी माणसाला त्याचं काय एवढं.

नंतर तू आलीस आणि चहा पिता पिता तुझा विषय समजावलास, तो मला इतका पटकन कळला की तुझाच चेहरा पडला. पेशीच्या मूळ दप्तरातून हुकमाची नक्कल निघते, कामाच्या टेबलाकडे जाते, आणि वाटेत हे मायक्रो-आरएनए नावाचे चिमुकले रेणू तिला चिकटून बसतात, की झाला हुकूम थंड. अगं, ही तर माझी नोकरी. साहेबांची सही होऊन फाइल निघायची आणि मी तिला बोटभर चिठ्ठी टाचायचो, ‘कृपया बोलावे’. साहेब मोठे, फाइल जाडजूड, पण अडवणारी चिठ्ठी ती एवढीशी. मी निवृत्त झाल्यावर हे काम घरी मामीने घेतलं आहे. खाऱ्या बिस्किटांच्या डब्यावर ‘पुरे’, लोण्याच्या डबीवर ‘कालच खाल्लंत’. मी ओट्याकडे निघतो आणि वाटेतच थंड होतो.

आजारी हृदयात यातल्या काही चिठ्ठ्या वाढतात, काही कमी होतात, आणि मग थांबायचं ते चालू राहतं, चालायचं ते थांबतं, असं तू सांगितलंस. त्या रक्तातही उतरतात, आणि नीट वाचता आल्या तर हृदय कुरकुरायच्या आधीच कळेल, अशी तुला आशा आहे. (खात्री नाही, आशा, हे तू तीनदा बजावलंस.) त्यासाठी आजाऱ्यांच्या लाल पट्टीशेजारी निरोगी माणसांची हिरवी रांग लावून मोजायचं. आमचे शेजारी मास्तर लाल रांगेत आहेत, दोन स्टेंटवाले. त्यांना मी रोज संध्याकाळी माझी हिरवी पट्टी ऐकवतो. ते हसतात आणि म्हणतात, ‘चला की मग गच्चीवर, तिथेच बसून ऐकतो.’ मला गच्ची आवडत नाही.

बाकी सगळं ठीक. ताईला माझा नमस्कार सांग.

तुझा निरोगी मामा

ता. क. माझी नळी हिरव्या रांगेतून काढता येईल का? सहज विचारतो. एक हिरवी पट्टी कमी झाल्याने तुमचं काही अडणार नाही.

आणखी ता. क. सहज नाही विचारत. तीन महिने झाले, जिना चढलो की छातीवर कुणीतरी दप्तराचा गठ्ठा ठेवल्यासारखं होतं. थांबलो की जातं. म्हणून ते फलक. फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं कारण मामी शेजारी होती, आणि खरं सांगायचं तर मला हिरवी पट्टी हवी होती. पण तेव्हापासून घास गोड लागत नाही. छत्तीस वर्षांत मी दप्तरात एकही खोटी नोंद केली नाही, आणि पहिली केली ती तुझ्या. माझ्या चिठ्ठ्या निरोगी म्हणून मोजल्यास आणि उद्या माझ्यासारख्याच एखाद्या हट्टी म्हाताऱ्याला त्याच मापाने कुणी सांगितलं, जा बाबा, तू ठणठणीत आहेस, तर? मला भीती वाटते गं. त्याच्यासाठी वाटते आणि माझ्यासाठीही वाटते.

शेवटचा ता. क. मामीला यातलं काही कळू देऊ नकोस. फोन तिच्या खुर्चीशेजारी असतो, म्हणून पत्र. मास्तरांना तर मुळीच नको. ‘पुन्हा रक्त हवं आहे’ असा निरोप धाड, म्हणजे मला यायला निमित्त होईल. डॉक्टरांना दाखवावं लागेल का तेही कळव. शक्यतो ‘नाही’ असं कळव.

(पत्राला टाचलेली बोटभर चिठ्ठी, अक्षर मामीचं)

टिल्लू, पत्र पेटीत टाकायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. मास्तर आज तिकडे तपासणीला निघालेत, त्यांच्या हाती पाठवते आहे. गच्चीचा आग्रह त्यांनी माझ्या सांगण्यावरून धरला होता. तुमच्याकडच्या हृदयाच्या डॉक्टरांची उद्या सकाळी दहाची वेळ आहे. मिळाली ती पहिली तारीख मी सोमवारीच घेतली, हे बॅडमिंटनचा निकाल दुसऱ्यांदा वाचत होते तेव्हा. तुला पुन्हा रक्त हवंय असं ह्यांना सांगितलंय, तर लगेच शर्टाला इस्त्री करून ठेवली. नळी काढ त्या रांगेतून. आणि लिफ्ट चालू आहे का ते बघून ठेव. नसली तर मी चष्मा घेऊन येते. फलक दोघं मिळून वाचत वर येऊ.