पोपटांचं कापड

२ सप्टेंबर १९६८

आजही अळणी! कडू पाल्याचं सूप आणि गारीचा, कसाव्याच्या पिठाचा, गोळा – मिठाचा कण नाही. तोंडाची चवच गेली आहे. खंदकात गुडघाभर पाणी.

गावाहून निरोप आला. माझी बायको उगोन्मा आणि खंदकातल्या माझ्या सोबत्याची, ओकेझीची, अकुदो मिठासाठी नदीपलीकडे गेल्या – शत्रूच्या मुलखातल्या बाजारात! गावातून दोघीच. इतर बायका भ्यायल्या. हिला भ्यायला काय झालं?

ओकेझी हसतो. "अरे, तुझी बायको त्यांच्या सैनिकांशीपण घासाघीस करेल. तेच पळतील बघ!"

मला हसू येत नाही.

५ सप्टेंबर

पाऊस. उवा. नदीकडून गोळीबार ऐकू आला. ओकेझीकडे मी पाहिलंच नाही.

मग तोच बोलत सुटला. गेल्या नाताळात आमच्या गावच्या सुनांनी मिळून एकाच नक्षीचं कापड घेतलं – हिरव्यावर पिवळे पोपट. चर्चच्या अंगणात याने पाठमोऱ्या उगोन्माला आपली अकुदो समजून हाक मारली, "ए म्हातारे, भूक लागली!" ती वळली आणि सगळं अंगण हसलं. शंभरदा ऐकलंय. आज पुन्हा हसलो.

८ सप्टेंबर

मीठ! सुपात मीठ! बोटं चाटली. ओकेझीने स्वतःच्या वाटणीतलं मला वाढलं. "खा, काळजीने वाळलास."

आचाऱ्याने पातेलं उतरवायला फडकं घेतलं. हिरवं. पोपट.

"कुठलं हे?" ओकेझीने विचारलं.

"गस्तवाल्यांनी आणलं. नदीकाठी एक बाई मरून पडली होती. डोक्याच्या फडक्यात मीठ बांधलेलं. तिला पुरली तिथेच. मीठ कशाला पुरायचं?"

"दिसायला कशी होती?"

"अंधारात तोंड कोण बघतो, बाबा?"

मी बाहेर जाऊन ओकलो.

९ सप्टेंबर

दोघींपैकी एक. देवा, उगोन्मा नको. म्हणजे मग कोण, ते मला कळतं. तरी मागितलं. तोही तेच मागत असणार – त्याचा राग येत नाही.

१० सप्टेंबर

छावणीच्या फाटकापाशी एक बाई, पाठमोरी, पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होती. हिरव्यावर पिवळे पोपट. ओकेझी धावला, ओरडला – "ए म्हातारे!"

ती वळली. उगोन्मा होती.