गुडघा दाखवायला गेलो, तोंड उघडावं लागलं

परळ, इस्पितळातली खाट

श्री. जावईबापू हितेंद्रराव यांस,

सासरे दौलत यांचे अनेक आशीर्वाद. तुम्ही आणि श्रेया खुशाल असाल, दादरच्या दवाखान्यात लोकांच्या दाढा नीट निघत असतील, अशी आशा. इकडे गुडघा सोडून बाकी मी बरा आहे. परवा भेटायला आलात, तेव्हा गुडघ्यात जंतू झाले एवढंच मी सांगितलं. ते आले कुठून, असं तुम्ही विचारलंत आणि मला एकदम झोप लागली. (झोप खोटी होती.) फोन करायचा, तर तुमच्या सासूबाई खाटेला चिकटून बसलेल्या असतात. म्हणून हे पत्र.

झालं असं, की ऑपरेशन करून बसवलेल्या ज्या नव्या गुडघ्यावर मी गणपतीत गावी बाल्या नाच केला, तोच अचानक तापला, लालबुंद झाला, नारळाएवढा सुजला. हुडहुडी भरून ताप आला, पाय टेकवेना. चाळीत लगेच निदानं सुरू झाली. वरच्या मजल्यावरच्या राजरत्न यांनी युरिक ॲसिड ठरवून माझे टोमॅटो बंद केले. शेजारच्या चंपावहिनींनी वात ठरवून लसणीचं तेल चोळलं आणि वर गरम विटेचा शेक दिला. (गुडघा विटेपेक्षा गरम होता. वीटच शेकून निघाली.) शेवटी तुमच्या सासूबाईंनी, म्हणजे शांताने, सगळ्यांना बाजूला सारून टॅक्सी आणली.

इथल्या डॉक्टर मृणालिनी वयाने आपल्या श्रेयाएवढ्या, पण नजर सासूची. त्यांनी गुडघ्यात सुई घालून पेजेसारखं गढूळ पाणी काढलं आणि तपासायला पाठवलं. मग विचारलं, कुठे जखम, गळू, लघवीला जळजळ, दातांचं काही? मी ठाम नाही म्हटलं. तेवढ्यात शांता म्हणाली, "दाढ दुखता ती सांगा मगे तेंका." झालं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात बॅटरी मारली. किडक्या दाढेतले जंतू रक्तातून फिरतात आणि बाहेरून बसवलेला सांधा दिसला की तिथे बिऱ्हाड करतात, असं त्या म्हणाल्या. तपासणीतही तोंडातलेच जंतू निघाले. गुडघा उघडून धुतला, आता शिरेतून औषध चालू आहे. आणखी थोडे दिवस तेल चोळत बसलो असतो, तर आख्खा सांधाच काढावा लागला असता. ते ऐकून मी घाबरलो, हितेंद्रराव. पुन्हा काठी धरून अंगणात नाच बघत बसायचं, या विचाराने मला रडू आलं.

आता दाढेचं. दिवाळीत तुम्ही प्रेमाने म्हणालात, "बाबा, एकदा दात दाखवा." सासऱ्याने जावयापुढे आ वासायचा? आमच्यात अशी रीत नाही. दात शाबूत आहेत हे दाखवायला मी तुमच्यासमोर आख्खी सुपारी दाढेखाली धरून फोडली. सुपारी फुटली. दाढही फुटली. मी दोन्ही गिळून हसत चिवडा मागितला, आणि तेव्हापासून लवंग धरून डाव्या बाजूने जेवतो आहे.

सिस्टर सलाईन बदलायला आल्यात, हात त्यांना द्यायचा आहे. सर्वांना यथायोग्य सांगावे.

तुमचा,
दौलत

ता. क. दाढ काढल्याशिवाय गुडघ्याचा भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणतात. त्या इथल्याच दंतवैद्याला बोलावणार होत्या. मी म्हटलं, घरचा माणूस आहे. तेव्हा रीत बाजूला ठेवून तुम्हीच काढा. तुमच्या तोंडावर मास्क असेल, मी डोळे मिटून घेईन, म्हणजे कुणी कुणाला पाहिलं असं होणार नाही.

ता. क. दुसरा. खरं काम हे, की येताना श्रेयाला आणा. तुमचे दोन्ही हात कामात असतील आणि शांता हसेल. श्रेयाचा पहिला दुधाचा दात दोरा बांधून ओढला, तेव्हा तिचा हात मी धरला होता आणि काही दुखत नाही म्हणून सांगितलं होतं. साफ खोटं होतं, पण तिला तेवढं पुरलं. आता तिने माझा हात धरून मला तेच सांगावं.